कान कुठे ठेवायचा

रियाजाला किती तास बसता, असं तबला शिकणाऱ्याला सगळेच विचारतात. त्या तासांत कान कुठे होता, हे कुणी विचारत नाही. चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेली आम्ही मंडळी, तासांचा दरारा आमच्यात मुरलेलाच. पण हाताला चूक-बरोबर कळत नाही. जे पुन्हा पुन्हा कराल ते तो पक्कं करतो. मन भलतीकडे ठेवून घोटलेल्या कायद्यात दोषही तितकाच घोटला जातो.

दिल्लीचा तो सर्वांना ठाऊक असलेला कायदा घ्या: धा तिट धा तिट धाधा तिट धागे तिना किना. ओळीत तिट तीनदा येतं. ति मधल्या बोटाचं, ट तर्जनीचं, दोन्ही शाईवर आणि दोन्ही बंद. गोम पुढे आहे. ट वाजवून त्याच तर्जनीला लगेच धासाठी चाटेवर पोचायचं असतं. त्या घाईत ती ट वर टेकल्यासारखं करते आणि सटकते. बरोबरीच्या लयीत हे खपून जातं. दुगुन आली की ट गायब, आणि आपण म्हणतो हात तयार नाही!

मी मग मिनिटाला ६० मात्रांवर उतरतो आणि कान फक्त ट वर ठेवतो. बायाँ कसा घुमतोय, सम कशी आली, काही बघत नाही. ट हा ति इतकाच भरीव आला का, एवढंच. लेहराही बंद. मोबाइलवरचा लेहरा सोबतीला गोड, पण त्याच्या सुरांत कच्चे बोल बेमालूम झाकले जातात. त्याआधी हातावर ताल धरून पढंत करतो. तोंडातच ट गिळला जात असेल, तर तो बोटातून निघणार कुठून?

ट बसला की कान बायाँकडे. खालीत, तातिट तातिट ताता म्हणताना, तो खरोखर गप्प असतो का? बहुतेकांचा डावा हात सवयीने गुणगुणत राहतो, आणि मग पुढच्या धागेला तो परतल्याची गंमतच उरत नाही.

गंधर्व नाटक मंडळीत साथ केलेले उस्ताद अहमदजान थिरकवा यांची ध्वनिमुद्रणं लोक तयारीसाठी ऐकतात. मी त्यांतही आधी ट शोधतो. लय कितीही चढो, अक्षर जागेवर असतं.

असं ऐकणं फार वेळ टिकत नाही. पंधरा-वीस मिनिटांत कान सुटतो, हात मात्र खुशाल चालू राहतो. तिथे मी उठतो, पाणी पितो, चढलेला-उतरलेला सूर हातोडीने सारखा करतो आणि पुन्हा बसतो. विद्यार्थ्यांना हे उठणं पटतं, पालकांना नाही. परीक्षा तोंडावर असते, चक्रदार व्हायची असते, आणि मुलगा महिनाभर तिटच वाजवतोय म्हणून फोन येतो. मी सांगतो, पलटे पुढच्या महिन्यात.