अठरा ओळींचा संसार

जीडीबी वापरणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. कंट्रोल-एक्स आणि मग ए दाबलं की काय होतं हे ज्यांना माहीत आहे ते एक. आणि चुकून ते दाबलं गेल्यावर टर्मिनल बिघडलं असं समजून ज्यांनी विंडोच बंद केली ते दुसरे. दुसऱ्या मंडळींसाठी थोडक्यात: काही बिघडलेलं नसतं. त्याला टीयूआय म्हणतात. वर चौकटीत सोर्स कोड, मध्ये एका ओळीची स्टेटस पट्टी, खाली कमांड द्यायची जागा. मेनू नाहीत, बटणं नाहीत. चौकटसुद्धा अक्षरांनीच आखलेली.

रिचर्ड स्टॉलमनने जीडीबी लिहिला १९८६ मध्ये, आणि ही चौकट त्यात आली ह्युलेट-पॅकार्डकडून, १९९८ च्या सुमारास. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलच्या ८० बाय २४ अक्षरांच्या पडद्याची सवय अजून कुणाची गेली नव्हती. २४ ओळींत कोड, स्टेटस आणि कमांड तिघांनी राहायचं. वन रूम किचनच म्हणा ना. पाहुणे आले की पलंग सरकवायचा, जेवायची वेळ झाली की पुन्हा भिंतीला लावायचा. जागा तेवढीच.

पलंग सरकवायची कमांड म्हणजे विनहाइट, लाडाने डब्ल्यूएच. 'विनहाइट एसआरसी प्लस ५' म्हटलं की कोडच्या चौकटीला पाच ओळी जास्त मिळतात, आणि खालच्या कमांडच्या पाच जातात. मायनस म्हटलं की उलट. कुणाला किती जागा आहे हे 'इन्फो विन' सांगते. बस, एवढंच. मला नोकरीची पहिली सहा-सात वर्षं याची कधी गरज पडली नाही. २४ इंची मॉनिटर, बारीक फॉन्ट, पडद्यावर सत्तर ओळी. श्रीमंताला पलंग कशाला सरकवावा लागतो?

ही कमांड खरी कशासाठी आहे ते मला आमच्या काकांच्या शेजारी बसून कळलं.

काका म्हणजे आमच्या टीममधले सगळ्यांत सीनियर. वय अठ्ठावन्न. हुद्दा मोठा आहे, पण सगळे त्यांना काकाच म्हणतात, त्यांच्या मॅनेजरसकट. चार वर्षांपूर्वी मधुमेहाने त्यांच्या डोळ्यांचा पडदा धरला. इंजेक्शनं झाली, लेझर झालं. दिसतं, पण अक्षर मोठं लागतं. इतकं मोठं की त्यांच्या टर्मिनलमध्ये एका वेळी अठराच ओळी मावतात.

आता हिशोब करा. अठरा ओळी. त्यातली एक स्टेटसची. उरल्या सतरा. नव्या आवृत्त्यांमध्ये यातले साधारण दोन भाग कोडला आणि एक भाग कमांडला जातो. कोडच्या चौकटीच्या वरच्या-खालच्या दोन रेघा वजा केल्या की कोड दिसतो जेमतेम नऊ-दहा ओळी. 'लेआउट स्प्लिट' करून असेंब्लीही शेजारी घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार. ग्राफिकल डीबगर वापरा म्हणाल, तर आमचा प्रोग्राम चालतो क्लायंटच्या सर्व्हरवर, आणि तिथे एसएसएचशिवाय दुसरं काही पोचत नाही.

त्याच सुमारास एका मीटिंगमध्ये विषय निघाला, की काकांना आता डॉक्युमेंटेशनला हलवावं का. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. म्हणूनच ते ऐकायला जास्त वाईट वाटलं.

काकांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी आपल्या जीडीबीइनिट फाइलमध्ये दोन कमांड लिहून ठेवल्या होत्या. एकीचं नाव 'वाच', दुसरीचं 'विचार'. 'वाच' म्हटलं की कमांडच्या वाट्याला चारच ओळी, आणि कोड अकरा ओळी दिसतो. 'विचार' म्हटलं की कमांडला अकरा, कोडच्या चार. आत एकेकच विनहाइट आहे, जादू काही नाही.

मग एकदा रात्री क्लायंटचा सर्व्हर अडकला. प्रोसेस जिवंत, पण हलेना. मी आणि काका एकाच सेशनवर. मी असतो तर सवयीने सगळ्या थ्रेड्सचे बॅकट्रेस एकदम मागवले असते, आणि तीस थ्रेड्सचा पूर वर वर सरकत गेला असता. काकांना तो पूर परवडणारा नव्हता. त्यांनी 'विचार' केलं, 'इन्फो थ्रेड्स' पाहिलं, लॉकपाशी थांबलेले दोन थ्रेड हेरले आणि प्रत्येकाच्या फक्त वरच्या चारच फ्रेम मागितल्या. मग 'वाच', आणि त्या अकरा ओळी शांतपणे वाचल्या. परत 'विचार'. दुसऱ्या थ्रेडच्या चार फ्रेम. परत 'वाच'. वीस मिनिटांत सापडलं: दोन थ्रेड तीच दोन कुलुपं उलट क्रमाने घेत होते. पहिला दुसऱ्याची वाट बघतोय, दुसरा पहिल्याची. शुद्ध डेडलॉक.

सत्तर ओळींच्या पडद्यावर मी हे जलद शोधलं असतं का? मला नाही वाटत. सगळं दिसत असलं की काय बघायचं ते ठरवावं लागत नाही. काकांना प्रत्येक वेळी ठरवावं लागतं: आत्ता वाचायचंय की विचारायचंय? दोन्ही एकदम मिळणार नाही.

अर्थात, डोळे अधू होण्यात काही थोर आहे असं मला म्हणायचं नाही. त्या रात्री काकांनी दोनदा थेंब घातले आणि घरी जाताना गाडी मी चालवली.

असो. करून बघायचं असेल तर दोन-तीन टिपा. कोडच्या चौकटीवर फोकस असताना बाणांच्या कळा कोड सरकवतात, जुन्या कमांड देत नाहीत; त्यासाठी कंट्रोल-पी किंवा 'फोकस सीएमडी'. प्रोग्रामच्या आउटपुटने पडदा विस्कटला तर कंट्रोल-एल. आणि २०२० मध्ये आलेल्या जीडीबी १० पासून 'टीयूआय न्यू-लेआउट' वापरून स्वतःची मांडणी करता येते, कोड आणि असेंब्ली आडवे शेजारीशेजारी ठेवूनसुद्धा.

डॉक्युमेंटेशनचा विषय पुन्हा निघालेला नाही. काकांची ती फाइल मात्र टीममधल्या तिघांनी उचलली आहे. तिघंही पंचविशीतले, डोळे ठणठणीत. परवा त्यातली एक शेजारच्याला म्हणत होती, "अरे थांब, आधी विचार कर." तो पाच सेकंद गंभीर चेहऱ्याने विचार करत बसला. "तसं नाही रे," ती म्हणाली, "टाइप कर!"