वाघाची डावी बाजू

कागदावर रंगविलेल्या वाघास चालावे लागत नाही. कापडावर रंगविलेला वाघ मात्र चालतो, बसतो, गडगडा लोळतो, आणि दुसरे दिवशी त्याची रवानगी न्हाणीघरात व्हावयाची हे ठरलेलेच. कापड रंगविणे हे चित्रकलेच्या तासाहून किती निराळे काम आहे, हे आम्हा दोघी बहिणींस २०२३ सालच्या स्नेहसंमेलनाच्या वेळी कळून आले.

आमचा धाकटा भाऊ तेव्हा दुसरीत होता. नाटुकल्यात त्यास वाघाचे काम मिळाले होते व पोषाख भाड्याने आणावयाचा होता. त्याच दिवाळीपूर्वी वडील काम करीत तो कारखाना बंद पडला होता. भाड्याच्या पैशांविषयी आईवडिलांचे रात्रीचे बोलणे त्याच्या कानी पडले असावे, कारण सकाळी तो आपण होऊन म्हणाला, "ताई, मला वाघ नको. मी झाड होतो. झाडाला नुसते उभे राहायचे असते." सात वर्षांच्या मुलाचे हे शहाणपण आम्हास सोसवेना. पोषाख घरीच करावयाचा, असे आम्ही ठरविले.

आईने मांजरपाटाचा जुना पलंगपोस काढून दिला. या कामी जुने कापड नव्याहून बरे. नव्या कापडास खळ असते. तीवर रंग वरच्यावर बसतो, धाग्यात मुरत नाही. आजीने रंगासाठी हळद सुचविली, म्हणून एका चिंधीवर परीक्षा पाहिली. रंग असा खुलला की पाहतच राहावे! परंतु दोन दिवसांच्या उन्हाने तो निम्मा उडाला, आणि साबणाचे पाणी लागताच तेथे तांबडा डाग उमटला. हळदीस क्षाराचा स्पर्श झाला की ती तांबडी होते. हळदीचे कुंकू करतात ते याच गुणावर. आंध्र प्रदेशातील श्रीकालहस्तीचे कलमकारी कारागीर कापड प्रथम हिरडा व दूध यांत भिजवितात. दुधातील स्निग्धतेमुळे रंग पसरत नाही, आणि गुळाच्या पाण्यात लोखंड आंबवून केलेल्या रसाची रेघ हिरड्यावर पडताच काळी होते. ही विद्या आम्हास कोठून येणार? शिवाय आमच्या घरी दूध चहासच कसेबसे पुरत होते! शेवटी कापडावरील रंगाच्या पिवळी, तांबडी व काळी अशा तीन लहान बाटल्या आणल्या.

शिवलेल्या अंगरख्याच्या आत वर्तमानपत्राची घडी घातली, म्हणजे पुढचा रंग पाठीस लागत नाही. पिवळ्यात तांबड्याचे थेंब टाकीत टाकीत वाघाचा रंग साधला. पाणी अगदी बेताने घातले, कारण ते अधिक झाले की रंग धाग्याधाग्याने धावत सुटतो. पोट कोरेच ठेवले, त्यामुळे पांढऱ्या रंगाची बाटली वाचली. एक दिवस सारे वाळू दिले.

पट्ट्यांच्या वेळी मात्र वाद झाला. उजवीकडे जसे पट्टे तसेच डावीकडे हवेत, म्हणून आम्ही कागद दुमडून नमुना कापीत होतो. धाकटा आपले प्राण्यांचे पुस्तक घेऊन आला. वाघाच्या दोन्ही कुशींवरील पट्टे सारखे नसतात, आणि एका वाघाचे दुसऱ्यासारखेही नसतात, असे त्याने आम्हास चित्रांवर बोट ठेवून दाखविले. त्याचे म्हणणे खरे होते. आम्ही कात्री खाली ठेवली व डावी बाजू त्याच्या स्वाधीन केली. त्याचे पट्टे कोठे जाड, कोठे बारीक, एक तर थेट काखेत शिरलेला. पण आमच्या बाजूचा वाघ त्यापुढे पाळीव दिसू लागला, हे कबूल केलेच पाहिजे.

रंग पक्का होण्यास उलट बाजूने गरम इस्त्री फिरवावी लागते. कित्येक दिवस घरात फारसे न बोलणाऱ्या वडिलांनी ती आमच्या हातून घेतली. अंगरखा उलटा करण्यापूर्वी त्यांनी तो क्षणभर न्याहाळला, आणि आम्ही काही सांगण्याआधीच डाव्या बाजूवर हात ठेवून ते हसले.

नाटुकल्यात वाघाने रंगमंचावर दोन फेऱ्या घालावयाच्या होत्या. आमचा वाघ गेला तो सरळ, आणि परत आला तो खेकड्यासारखा मागे मागे सरत. बाईंनी पडद्याआडून किती खुणा केल्या, तरी त्याने प्रेक्षकांकडची आपली डावी कूस शेवटपर्यंत वळविली नाही.