मिरवणूक, मंडळ आणि माझा भाचा

वीस वर्षं गणपतीच्या बातम्या लिहितोय. 'गुलालाची उधळण करीत बाप्पाला निरोप' हे वाक्य झोपेतसुद्धा टाईप करीन.

गेल्या वर्षी विसर्जनाची मिरवणूक ताईच्या घरासमोर पाऊण तास अडकली. आत तिचा अकरा वर्षांचा मुलगा कपाटाच्या फटीत कान दाबून बसलेला, स्वतःचाच हात चावत. त्याला ऑटिझम आहे. आलेल्या पाहुण्यांपैकी एक म्हणाले, "लाडावलंय पोर. एक ठेवून द्या, गप्प बसेल." ताई काही बोलली नाही. मीही बोललो नाही. त्याची लाज अजून वाटते.

हा हट्ट नसतो हो. अशा कित्येक मुलांना आवाज, लाइट, वास, गर्दी आपल्यापेक्षा फार जास्त लागते. त्यात सणाला घरच बदलतं. पाहुणे येतात, जेवणाच्या वेळा हुकतात, त्याच्या रोजच्या खुर्चीच्या जागी मखर येतं.

यंदा ताईने आठ दिवस आधी त्याला मागच्या सजावटीचे फोटो दाखवले. कोण कधी येणार, ते कॅलेंडरवर चित्रं काढून लावलं. आतली खोली फक्त त्याची. आरती टाळ्यांवर, झांजा बंद. पाया पड, मोदक खा, अशी जबरदस्ती नाही. दूर्वांच्या जुड्या मात्र त्यानेच केल्या. प्रत्येकीत 21, एकही कमी-जास्त नाही.

मग मी तीन मंडळांकडे गेलो. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, हे सगळं पाठ करून. एका मंडळात ते काढावंच लागलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "दादा, आधी सांगायचं ना!" त्या गल्लीत ते स्पीकर बंद ठेवणार, निघाले की ताईला फोन करणार. दुसरे 'बघू' म्हणाले. तिसऱ्यांनी हसण्यावारी नेलं. त्यांच्या वेळेला आम्ही त्याला शेतावर नेणार आहोत. खरं तर त्याने का जावं?

उद्या अनंत चतुर्दशी. मंडळाच्या पोरांनो, आपल्या रस्त्यावर असं कुणी राहतं का, एवढं आज विचारून घ्या. आणि ज्यांच्या घरी असं मूल आहे पण मंडळाशी बोलायला संकोच वाटतो, त्यांनी मला मेसेज करा. मी सोबत येतो. या वेळी गप्प बसणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!