कवडसे

आश्विनातलं सकाळचं ऊन आमच्या पुण्याच्या गॅलरीत येतं ते समोरच्या बहाव्यातून गाळून. धार गेलेली असते त्याची, नुसता उजेड उरलेला. स्लिपर ऑर्किडच्या पानांवर तो उतरतो आणि क्षणभर उमगत नाही, हे पानावर पडलेले कवडसे की पानातूनच उमटलेले. गर्द हिरव्यावर राखट हिरव्या चौकड्यांची तुटक जाळी, कुठे दाट, कुठे विरत गेलेली. ऊन सरकत कठड्यावर जातं. जाळी तिथेच असते.

कोकणात आजोळच्या माजघरात एकच काचेचं कौल होतं. बाकी सगळा काळोख, धुराने काळवंडलेले वासे, सारवणाचा ओला वास, आणि त्या कौलातून उतरलेला एक तिरपा झोत, ज्यात धूळ उगाच वरखाली करत राहायची. आजी तांदूळ निवडायला बसली की झोत तिच्या सुपात पडे. हात पुढे आला की हिरव्या बांगड्या दिसत, मागे गेला की काहीच नाही. वाकली तर कानातली कुडी लकाके. अख्खी आजी त्या माजघरात मला कधी दिसलीच नाही. तुकड्यातुकड्यांनी दिसली, आणि अजून आठवते तीही तशीच.

हे रोपही अर्ध्या उजेडातलंच. पॅफिओपेडिलम व्हेनुस्टम. सिक्कीम, अरुणाचल, मेघालयाच्या दमट रानात, मोठ्या झाडांच्या सावलीत, कुजत्या पाल्याच्या थरात मुळं पसरणारं. वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनिएल वॉलिच यांच्या खटपटीने ते सिल्हेटकडून विलायतेला गेलं आणि 1820 साली तिथल्या नियतकालिकात त्याचं चित्र नि वर्णन छापून आलं. मग हौशी लोकांची या कुळावर अशी काही नजर गेली, की रानंच्या रानं ओरबाडली गेली. आता रानातल्या रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. माझं रोप कालिंपाँगच्या रोपवाटिकेतलं, बियांपासून वाढवलेलं; जंगल त्याने पाहिलेलं नाही. तरी रानातली ती उजेडाची सवय पानांनी कशी सांभाळली असेल, याचं मला दर सकाळी नवल वाटतं.

पाणी साठवून ठेवायला याच्यापाशी गाठ नाही की कंद नाही. म्हणून झाडाच्या सालीच्या तुकड्यांत, कोळशात मुळं सदा ओलसर ठेवायची, पण पोग्यात थेंब साचू द्यायचा नाही, नाहीतर आतून कूज धरते. मे महिन्यात पुण्याची कोरडी झळ सोसवत नाही त्याला. मलाही नाही. आम्ही दोघं तेव्हा दुपारभर पडदे ओढून बसतो.

फोटोचं म्हणाल, तर फ्लॅश मारला की संपलं. पानावरचं मेण चकाकतं, जाळी पुसली जाते आणि पान प्लॅस्टिकचं वाटू लागतं. ढगाळ सकाळ हवी. कॅमेरा तिपाईवर, मागे काळं कापड, एका बाजूला थर्मोकोलचा पांढरा तुकडा टेकवलेला, भिंगापुढे पोलरायझर. तो बोटाने हळूहळू फिरवत जावं. एका टप्प्यावर पानावरची चकाकी आपोआप ओसरते आणि खालून एकेक चौकडी वर येते, अगदी मधल्या शिरेपर्यंत. त्या घडीला बटण दाबायचंही सुचत नाही.

पानाची खालची बाजू मात्र या उजेडात मुकी राहते. तिथे जांभळ्या ठिपक्यांची दाटी असते, आणि ती पाहायची तर ऊन मागून यायला हवं. म्हणजे ढग जाईस्तोवर थांबा. एकदा पानाखाली आरसा ठेवून दोन्ही बाजू एकाच फोटोत घेतल्या. चांगला आला फोटो, सगळ्यांनी वाखाणला. मला नाही आवडला. एकाच वेळी सगळं दिसलं, की बघायचं काय उरतं?

थंडीत कळी येईल. पांढऱ्यावर हिरव्या रेघांचं वरचं दल, पाकळ्यांवर काळसर चामखिळी, आणि पुढे ती पिवळसर चपल, तिच्यावर हिरव्या शिरांचं जाळं. तिच्यात पडलेल्या किड्याला मागच्या अरुंद वाटेने, परागांना घासूनच बाहेर पडावं लागतं; मधाचा थेंबही हाती लागत नाही बिचाऱ्याच्या. फूल देखणं आहेच. पण ते गेलं की पानांचा तो झुबका पुन्हा फुलत नाही, बाजूने नवा कोंब येतो, आणि तोही पहिल्या पानापासून जाळी घेऊनच.

शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारतात, "फुललं का गं तुझं ते?" मी म्हणते, अजून नाही, पण पानं बघायला या ना. परवा आल्या. चष्मा कपाळावर चढवला, पान दोन बोटांत धरून अलगद उलटं केलं, जांभळ्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "अगं बाई, याला तर अस्तर लावलंय की!"