एका अक्षराचे अंतर : घरच्या सिम्युलेटरसाठी लढाऊ विमान निवडताना

या मालिकेत १९७१ च्या हवाई युद्धावर लिहू लागल्यापासून तरुण वाचकांकडून एक प्रश्न वारंवार येतो : घरच्या संगणकावर ही विमाने उडवून पाहायची असतील तर पहिले विमान कोणते विकत घ्यावे? प्रश्न खेळाचा वाटला तरी तो इतिहासाच्याच अंगणातला आहे, म्हणून आजचा धागा त्यासाठी.

मी वापरतो तो सिम्युलेटर ‘डीसीएस वर्ल्ड’. मूळ प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्याबरोबर सुखोई-२५टी हे हल्ल्याचे विमान, मस्टँगचे निःशस्त्र रूप आणि कॉकेशसचा प्रदेश मिळतो. बाकीचे प्रत्येक विमान स्वतंत्र विकत घ्यावे लागते. त्याला मॉड्यूल म्हणतात. त्यातील सर्वांत सविस्तर मॉड्यूलांमध्ये कॉकपिटमधली जवळजवळ प्रत्येक कळ खरोखर चालते. किमती डॉलरांत असल्यामुळे आपल्यासारख्यांना दोन-तीन विमानांवरच थांबावे लागते, आणि मग निवडीला अर्थ येतो.

खेळाडूंमध्ये निवडीचा निकष ठरलेला असतो : कोणत्या विमानाचे क्षेपणास्त्र अधिक लांब जाते? इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचे प्रश्न निराळे आहेत. हे विमान कोणत्या देशाच्या हवाई दलाचे, कोणत्या वर्षीचे, आणि त्याच्या नावापुढे कोणते अक्षर आहे? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तोच.

मिग-२१ घ्या. माझे बालपण नाशिकच्या परिसरात गेले, आणि ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ बांधली गेली हे तिथल्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ असे. त्या कारखान्यातून या विमानाची तीन मुख्य रूपे बाहेर पडली : एफएल, एम आणि बिस. डीसीएसमध्ये विकत मिळते ते बिस. आपण ज्या मिग-२१ च्या कथा वाचतो, तिच्यातील १९७१ चे नायक मात्र एफएल आहे. बिस भारतात आले ते सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. एफएलमध्ये आर-११ घराण्याचे इंजिन होते, बिसमध्ये अधिक जोराचे आर-२५. एफएलच्या पोटात तोफच नव्हती. जीएसएच-२३ ही दुनळी तोफ वेगळ्या पेटीत घालून विमानाखाली टांगावी लागे. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट बी. बी. सोनी यांनी पाकिस्तानचे एफ-१०४ स्टारफायटर पाडले ते अशाच टांगलेल्या तोफेने. बिसमध्ये ती तोफ मूळ सांगाड्यातच बसवलेली आहे. सिम्युलेटरमध्ये कळ दाबली की ती धडधडते, आणि टांगलेल्या पेटीचे वजन व हवेचा अडथळा यांचा हिशेब करावाच लागत नाही.

तरीही मी पहिले विमान म्हणून बिसच घेतले. कारण तिच्याकडून मला ढाका नको होते, कॉकपिट हवे होते.

पुस्तके सांगतात की मिग-२१ उडवणे कठीण होते. कठीण म्हणजे काय, हे इंधनाचा काटा सांगतो. या विमानातील इंधनमापक टाकीत किती इंधन उरले ते थेट मोजत नाही. उड्डाणापूर्वी जो आकडा हाताने लावला, त्यातून इंजिनाकडे गेलेले इंधन तो वजा करत जातो. आकडा चुकीचा लावला तर काटा शेवटपर्यंत आत्मविश्वासाने खोटे सांगेल. समोरच्या फलकावर मधोमध रंगवलेली एक उभी पांढरी पट्टी दिसते. ती शोभेची नाही : विमान गरगरत खाली जाऊ लागले आणि दिशांचे भान सुटले, तर दांडा त्या पट्टीसमोर ढकलायचा, म्हणजे तो मध्यावर आला हे कळते. घाबरलेल्या माणसाला उपयोगी पडावी म्हणून एखाद्या अभियंत्याने ओढलेली रेघ. युद्धाच्या अधिकृत इतिहासात तिला ओळभरही जागा मिळत नाही.

उतरणे हा वेगळाच धडा आहे. बिसमध्ये इंजिनाकडून घेतलेली दाबाची हवा पंखाच्या मागच्या झडपांवरून सोडतात. त्यामुळे कमी वेगातही पंख विमान तोलून धरतो. अट एकच : इंजिनाचा जोर टिकला पाहिजे. धावपट्टी समोर आली म्हणून थ्रॉटल एकदम मागे ओढला की हवा थांबते आणि विमान दगडासारखे बसते. वेग या वेळी ताशी ३०० किलोमीटरच्या वर असतो, आणि लांब नाकामुळे समोरचे फारसे दिसत नाही. मी हे असंख्य वेळा केले आहे. जमले नाही तर कळ दाबून पुन्हा सुरुवात करतो.

ती कळ खऱ्या वैमानिकाजवळ नव्हती. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले होते की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गमावली आणि त्यांत १७१ वैमानिकांचा मृत्यू झाला. या अपघातांचे खापर सरसकट विमानावर फोडण्याची सवय आपल्याकडे आहे. मला ती पटत नाही. प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, ही शिफारस ला फोंटेन समितीने १९८२ मध्येच केली होती. हॉक विमाने हवाई दलात दाखल झाली २००८ मध्ये. मधल्या पाव शतकात वैमानिकांच्या पिढ्या संथ प्रशिक्षण विमानांवरून उठून थेट या लांब नाकाच्या यंत्रात बसत होत्या. घरच्या खुर्चीत बसून त्यांच्या भीतीचा अनुभव घेता येत नाही, आणि घेतला असे म्हणूही नये. पण संथ विमान आणि मिग एकाच संध्याकाळी पाठोपाठ उडवून पाहिली की त्या दोहोंमधील दरी केवढी होती हे समजते, आणि समितीच्या अहवालाची तारीख निराळ्या नजरेने वाचली जाते.

एक सूचना इथेच. २७ फेब्रुवारी २०१९ चा प्रसंग या मॉड्यूलवर खेळायला जाऊ नका. विंग कमांडर अभिनंदन यांचे विमान ‘बायसन’ होते : नवे रडार आणि नवी क्षेपणास्त्रे बसवलेली सुधारित बिस. विकत मिळणाऱ्या बिसमध्ये यातले काहीच नाही.

दुसरे विमान एकटे घेऊ नये, जोडी घ्यावी. माझी जोडी एफ-८६एफ सेबर आणि मिग-१५बिस ही. कोरियाच्या आकाशात १९५० नंतर समोरासमोर आलेली ही दोन विमाने बाहेरून भावंडांसारखी दिसतात. सेबरमध्ये सहा जड मशीनगन आहेत, मिगमध्ये एक ३७ मिलिमीटरची आणि दोन २३ मिलिमीटरच्या तोफा. एक शत्रूच्या चपळ लढाऊ विमानावर गोळ्यांचा वर्षाव करण्यासाठी घडवलेले, दुसरे अवजड बॉम्बफेकी विमान दोन-चार फटक्यांत पाडण्यासाठी. हे वाक्य मी पुस्तकात अनेकदा वाचले होते. पण मिगच्या ३७ मिलिमीटरच्या गोळ्यांची वक्र, संथ वाट डोळ्यांनी पाहिल्यावर, वळणाऱ्या सेबरला त्या का लागत नसत हे सांगावे लागले नाही.

सेबर आपल्या इतिहासातही आहे, अर्थात समोरच्या बाजूला. पण इथेही अक्षर पाहा. १९६५ मध्ये पाकिस्तानकडे एफ-८६एफ होती, म्हणून त्या युद्धासाठी हे मॉड्यूल चालेल. १९७१ मध्ये ढाक्याच्या तेजगावहून लढलेली सेबर मात्र कॅनडात बांधलेली, निराळ्या इंजिनाची होती. आणि तिच्याशी झुंजलेले आपले इवलेसे नॅट? ते विक्रीच्या यादीत नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर निर्मलजित सिंग सेखों ज्या विमानातून एकटे सेबरांना भिडले, त्याच्या जागी दुसरे छोटे विमान घालून तो प्रसंग ‘पुन्हा’ उभा करणारे उत्साही लोक आहेत. माझे मत कठोर आहे : रिकामी जागा रिकामीच दिसू द्यावी.

सेबर आणि मिग-२१ या दोन्ही मॉड्यूलांत मिळून एक सुंदर गोष्ट लपली आहे. सेबरच्या पंखाखाली सुरुवातीचे साइडवाइंडर लावता येते, मिगच्या पंखाखाली आर-३एस, म्हणजे आपण ज्याला के-१३ म्हणतो ते. १९५८ मध्ये तैवानच्या सेबरने डागलेले एक साइडवाइंडर न फुटता चिनी मिग-१७ मध्ये अडकून राहिले. ते सोव्हिएत अभियंत्यांच्या हाती पडले आणि त्यातून के-१३ जन्मले. पुढे भारतीय उपखंडात दोन्ही पक्ष एकाच कुळातील अस्त्र घेऊन एकमेकांवर चालून गेले. दोन्ही डागून पाहा. शत्रूच्या थेट पाठीमागे यावे लागते, आणि स्वतः जोराने वळत असताना ते सोडले तर फुकट जाते. गुण आणि दोष दोन्ही नकलले गेले.

मिराज-२०००सी चे मॉड्यूल देखणे आहे, पण ते फ्रान्सच्या हवाई दलाचे. कारगिल युद्धात आपल्या मिराजनी जून १९९९ मध्ये टायगर हिलवर लेझरने दिशा धरणारे बॉम्ब टाकले ते लाइटनिंग या लक्ष्यदर्शक पॉडच्या साहाय्याने. ते पॉड मॉड्यूलमध्ये नाही. ज्याला कारगिल हवे त्याने थांबावे.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी. बहुतेक मॉड्यूले चौदा दिवस विनामूल्य चालवून पाहता येतात. ती सोय वापरा. आणि शक्यतो जुने विमान घ्या. नव्या विमानांची रडारे आणि क्षेपणास्त्रे गोपनीय असल्याने तिथे बराच भाग अंदाजाने भरलेला असतो. जुन्या विमानांच्या उड्डाण-पुस्तिका उपलब्ध आहेत, त्यामुळे मॉड्यूल कुठे खरे आणि कुठे सोयीचे, हे शेजारी पुस्तिका उघडून ताडता येते. साधनाची चिकित्सा म्हणतात ती हीच.

ढाका मात्र मला पूर्ण सोडवले नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी विंग कमांडर बी. के. बिष्णोई यांच्या नेतृत्वाखाली चार मिग-२१ गुवाहाटीहून निघाली. आयत्या वेळी लक्ष्य बदलून गव्हर्नमेंट हाउस ठरले, आणि ते शोधायला हाती होता पर्यटकांसाठी छापलेला ढाका शहराचा नकाशा. ५७ मिलिमीटरच्या रॉकेटांनी इमारतीचे छप्पर फोडले आणि गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला. डीसीएसमध्ये बंगाल नाही. पण कॉकेशसच्या नकाशावर मिनेराल्निए वोदी ते बटुमी हे अंतर गुवाहाटी ते ढाका एवढेच, तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि दिशाही जवळजवळ तीच : किंचित नैर्ऋत्येकडे कललेली दक्षिण. खासी टेकड्यांच्या जागी कॉकेशसची हिमशिखरे येतात, ते चालवून घ्यावे लागते. विमानाची जागा दाखवणारा नकाशा आणि लक्ष्यांची नावे सेटिंगमध्ये बंद करायची, बटुमीचा एक साधा रस्त्यांचा नकाशा छापून मांडीवर ठेवायचा, त्यावर एका इमारतीभोवती वर्तुळ काढायचे आणि निघायचे. समुद्रकिनारा दिसल्यापासून इमारत ओळखेपर्यंत हाती उरतात ते काही सेकंद. सातव्या उड्डाणात मला ती प्रथमच वेळेवर दिसली.