चालू राहिलेल्या ओझोन-मशीनची भीती

गंगापूर रोड, नाशिक
ऑगस्ट

चि. बंड्यास,

तू पाठवलेलं ओझोनचं मशीन पोचलं. धरणातून विसर्ग सुरू आहे, पाऊस थांबायचं नाव नाही आणि खालच्या खोलीत गाद्यांना कुबट वास सुटलाय, तेव्हा वेळेवर आलं. पण ‘स्मार्ट प्लग लावा, मोबाइलवरून वेळ लावता येते’ हा तुझा सल्ला मी मानला नाही. टायमर घरीच बांधला. असलंच दुसरं मशीन तू पुण्यात स्वतःसाठी घेतलंस असं ताई म्हणाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब. मशीनवर ताशी १ ग्रॅम छापलंय. खोली १० बाय १२, उंची १० फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. पाव तासात २५० मिलिग्रॅम ओझोन, घनमीटरला सात मिलिग्रॅमच्या वर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली बाहेरच्या हवेसाठी घातलेली मर्यादा आहे आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम. निम्मा ओझोन भिंती आणि गाद्या खाऊन टाकतात असं धरलं तरी पस्तीसपट उरतो! अमेरिकेत कामगारांच्या जिवाला तत्काळ धोका मानतात ती पातळी ५ पीपीएम, म्हणजे घनमीटरला सुमारे १० मिलिग्रॅम. मशीन अर्धा तास विसरलं की आपण तिच्या आसपास. आणि वरच्या मजल्यावर दम्याची तुझी मामी.

सोबतच्या कागदावर ‘खोलीत बसूनही वापरता येते’ असं छापलंय, तो शुद्ध बाजारीपणा. माणसाला बाधणार नाही इतका ओझोन वासालाही फारसा बाधत नाही. वास आला की कळेलच, असंही समजू नकोस. थोडा वेळ गेला की नाकाला त्याची सवय होते.

म्हणजे टायमरचं खरं काम मशीन चालू करणं नाहीच. काहीही बिघडलं तरी ते बंद पडलं पाहिजे. स्मार्ट प्लग इथेच नापास होतो. इकडे पावसाळ्यात लाइट जाते-येते, आणि लाइट आल्यावर आधीच्याच स्थितीत परत चालू होणारे प्लग बरेच असतात. मी किंवा मामी गाद्या उचलायला आत गेलेलो असू आणि मशीन आपोआप सुरू होईल, हे मला चालणार नाही.

तुला कॉलेजात शिकवलेला ५५५ आयसी मी घेतला नाही. पाव तासासाठी त्याला मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लागतो. तो गळका निघाला तर ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत चढतच नाही, आणि रिले चिकटलेलाच राहतो. बिघाड नेमका नको त्या बाजूला. म्हणून ४०६० हा मोजणी करणारा आयसी. ४७० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा साधा प्लॅस्टिक कपॅसिटर; ८१९२ ठोके मोजून झाले की तीन नंबरची पिन वर जाते. चौदा-पंधरा मिनिटं भरतात.

खरी गंमत जोडणीत आहे. टायमरच्या ट्रान्सफॉर्मरलाच वीज मिळते ती दाबून सोडायच्या बटणातून. बटण दाबलं की रिले ओढला जातो, आणि त्याचाच एक संपर्क बटणाला समांतर असल्यामुळे वीज धरून ठेवतो. मोजणी संपली की रिले सुटतो, आणि मशीनबरोबर टायमरही मरतो. मध्येच लाइट गेली तरी तेच. परत आली तरी कोणीतरी बटण दाबल्याशिवाय काही हलत नाही. हे बटण दाराबाहेर आहे. दारालाही एक स्विच लावलाय, दार उघडलं की सगळं बंद. २३० व्होल्टचा भाग वेगळ्या डब्यात, फ्यूज घालून. रिलेच्या कॉइलला उलटा डायोड विसरू नकोस.

एवढं करूनही दोन शंका राहतात: ४०६०ची मोजणीच थांबली तर, आणि रिलेचे संपर्क वितळून चिकटले तर. म्हणून मशीनच्या वायरीत ओटीजी ओव्हनचा चावीचा टायमर सिरीजमध्ये टाकला, वीस मिनिटांवर. स्प्रिंगला आयसीचे रोग होत नाहीत. वॉशिंग मशीनचा टायमर मात्र आणू नकोस, तो मोटर उलटसुलट फिरवायला थांबत-थांबत चालतो. आणि ओटीजीच्या टायमरला शून्याच्या पलीकडे ‘कायम चालू’ची जागा असते, तिथे खिळा ठोकून वाट अडव.

बंद झाल्यावर खिडक्या बाहेरून उघडायच्या आणि दोन तास आत पाऊल टाकायचं नाही. माझा जुना टेप आणि रबरी चपला आधीच वर नेल्यात. ओझोनने रबराला चिरा पडतात. दमट हवेत मशीन नायट्रिक आम्लही तयार करतं, म्हणून मुसळधार पावसात ते लावतच नाही. भिंतीची बुरशी काही याने जाणार नाही. तिच्यासाठी गच्चीचं गळणं थांबवावं लागेल. गवंडी पोळ्यानंतर येतो म्हणालाय.

तुझा डबा तयार झाला की लगेच मशीन जोडू नकोस, आधी साठ वॅटचा बल्ब लाव. पेटल्यावर मध्येच मेन स्विच पाडून पुन्हा उचल. बल्ब आपोआप पेटला तर जोडणी चुकली. मग ४०६०ची अकरा नंबरची पिन ग्राउंडला टेकव, मोजणी थांबेल. तेव्हा बल्ब चावीच्या टायमरने विझला पाहिजे. दोन्ही जमलं की मला फोटो पाठव, मग मशीन लाव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा