फडावरची दिवाळी

डेंग्यूतून उठले, तेव्हा दिवाळी दारात होती. झारा धरायचंही बळ नव्हतं. चकल्या सुनेनं, नातवानं केल्या. एक डबा घेऊन आम्ही प्रवरेकाठच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर गेलो.

विठ्ठलराव विख्यांचा सहकारी साखर कारखाना 1950च्या सुमारास इथेच लोणीजवळ उभा राहिला. पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबं मात्र अजून दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीसाठी कोयता घेऊन घर सोडतात.

कोपीतल्या बाईनं आधी मला गोणपाट अंथरलं, चहा ठेवला. आजारात शेजारणीची पेज घेताना मी किती संकोचले होते! डबा घेताना त्या बाईच्या चेहऱ्यावर तोच संकोच. पुढच्या वेळी फराळासोबत घोंगड्या, वह्या न्याव्यात; आणि चहाला थांबावंच.

नातू विचारत होता, ‘‘कोपीतल्या त्या मुलाची शाळा आता कुठली?’’